मुक्कामाचा रकाना

काराकोल, १७ फेब्रुवारी २०१९

आसिल,

तुझा पत्ता बदलला असेल, तर हे पत्र ज्याच्या हाती पडेल त्यानं खुशाल चुलीत घालावं. बदलला नसेल, तर मला एवढंच कळव: बातुमीत ऑक्टोबरात एका माणसाला साधी खोली रात्रीला किती पडते? न्हाणीघर बाहेर असलं तरी चालेल. खिडकी समुद्राकडे नको, त्याचे जास्त घेतात म्हणे.

सात वर्षांनी पहिलं पत्र आणि त्यात खोलीचं भाडं, म्हणून हसू नकोस. हसलीस तरी मला दिसणार नाही. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही, आणि असता तरी मी केला नसता. फोनवर मला नीट भांडता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

माणूस म्हणजे शार्शेन. ज्या भावोजीला तू 'जेज्दे, जेज्दे' म्हणून पिडायचीस, लग्नाच्या दिवशी ज्याचे बूट लपवून रेशमी रुमाल उकळलास, तो माझा नवरा. त्याला परदेशी फिरायला जायचं आहे. कामाला नाही, व्यापाराला नाही, कुणाच्या लग्नाला नाही. फिरायला. उन्हाळ्यात आपल्याकडे ती परकी पोरं येतात ना, पाठीवर पिशव्या टाकून, तसं. अल्माटीहून आगगाडीनं आक्ताऊ, तिथून बोटीनं कॅस्पियन ओलांडून बाकू, मग त्बिलिसी, आणि शेवट बातुमी. येताना विमान. का, तर ज्याचा दुसरा काठ दिसत नाही असं पाणी बघायचं आहे. आपल्या सरोवराचा दिसतो, म्हणतो, डोंगरासकट. एकोणपन्नास वर्षांचा माणूस. त्या पोरांना डोंगरात नेतो त्या जुन्या लष्करी गाडीचा क्लच त्याला गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय दाबता येत नाही.

रविवारी त्यानं मला कागद घेऊन बसवलं.

"तू भूगोल शिकवतेस, तू लिही, मास्तरीणबाई. मी आकडे सांगतो."

रकाने मी आखले: प्रवास, जेवण, मुक्काम, भेटवस्तू, अडीअडचण. शिंगरू विकून आलेले आणि गाडीच्या कमाईतून बाजूला टाकलेले मिळून साठ हजार सोम आहेत. त्यात सगळं बसवायचं. प्रवासाचे आकडे त्याला तोंडपाठ होते, आगगाडीचा कुठला डबा स्वस्त तेसुद्धा. जेवणाला फार नाही. कुरुताच्या वाळक्या दह्याच्या गोळ्या आणि वाळवलेलं मांस घरून नेणार.

"मुक्काम?" मी विचारलं.

"तिथं काही लिहू नकोस."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे शून्य."

"बाकूत?"

"शून्य."

"त्बिलिसीत?"

"शून्यच की." मग तो चहाच्या वाटीत बघत राहिला. "बातुमीला मात्र तीन रात्री खोली धर. तीन हजार."

"भेटवस्तू?"

"बारा हजार."

"कुणासाठी एवढ्या?"

"ज्याच्या घरी उतरेन त्याच्यासाठी."

"कुणाच्या घरी उतरणार आहेस?"

"ते तिथं गेल्यावर कळेल ना!" तो म्हणाला आणि हसला. नाही, नीट आठवलं तर आधी हसला आणि मग म्हणाला. ह्या फरकाला काही अर्थ आहे की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

तर भाडं कळव. आणि आणखी एक, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही: तुला त्याचा फोन आला होता का?

बुरूल


१० मार्च

आसिल,

टपालातली बाई म्हणते पत्राला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे तू अजून पहिलंही वाचलं नसशील. तरी दुसरं लिहायला बसले, कारण पहिल्यात मी प्रामाणिक नव्हते. खोलीचं भाडं मला नको होतं.

परवा आठ मार्चला शार्शेननं माझ्यासाठी ट्यूलिपची फुलं आणली. आजवर महिला दिनाला त्यानं मला कढई दिली, बर्फ ओढायचं फावडं दिलं आणि एका वर्षी बॅटरी दिली, जी संध्याकाळी गाडीतच बसवली. फुलं कधी नाही. मी ती पाण्यात ठेवली आणि त्यांच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघत राहिले.

उल्कान आठवते ना? आमच्या शाळेत रसायन शिकवते. तू तिला रेडिओ म्हणायचीस. शिक्षकांच्या खोलीत तिनं सगळ्यांसमोर विषय काढला.

"पन्नाशीचा बाप्या पाठीवर पिशवी टाकून फिरायला जातो म्हणतो, आणि तू मान डोलावतेस? अगं, आपल्यातला पुरुष परदेशी दोन कारणांनी जातो. एक काम."

"आणि दुसरं?" कुणीतरी विचारलं.

"दुसऱ्यालापण घरी कामच म्हणून सांगतात."

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसले नसते तर ते जास्त दिसलं असतं.

"बरं, मुक्कामाला किती धरलेत?" तिनं विचारलं.

"काही नाही."

ती चहा ढवळायची थांबली. "बुरूल, ज्याला झोपायला पैसे लागत नाहीत ना, त्याचं अंथरूण कुणीतरी आधीच घालून ठेवलेलं असतं."

उल्कान काहीही बोलते, हे मला कळतं. पण हे वाक्य घरी माझ्याबरोबर आलं. कुठंतरी पाणी मुरतंय. शार्शेन पेट्रोल थेंबानं मोजतो. सफरचंदाच्या पोत्यासाठी अर्धा तास घासाघीस करतो. त्याला परगावी खोलीचे पैसे पडतात हे ठाऊक नाही, असं मी कसं मानू? बरं, फुकट्या म्हणावा तर तोही नाही. आमच्या गल्लीत एकाआड एक घरावर पाहुण्यांच्या खोल्यांची पाटी लागली आहे, रात्रीचे दर लिहून. हा वरच्या घाटात गाडी अडकली की पोरांना घरी आणतो, जेवू घालतो, माझी चांगली गादी देतो, आणि सकाळी त्यांनी पैसे काढले की ओरडतो, "गाडीचे घेतो, गादीचे नाही!" (ओरडतो हा शब्द अन्यायाचा झाला. आवाज चढवतो.) असा माणूस लोकांकडे फुकट झोपायचा हिशोब मांडतो? नाही मांडणार. म्हणजे ते लोक परके नाहीत.

आणि काल त्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट उन्हात घालताना आतल्या खिशात रुमाल सापडला. रेशमी. नवा. निळ्यावर पांढरी फुलं. मी शोधत नव्हते. खरं तर शोधत होते, पण रुमाल नव्हे. ज्या घडीत होता त्याच घडीत परत ठेवला.

निळ्यावर पांढरी फुलं. तू उकळला होतास तो कसा होता, तुला आठवत असेलच.

बुरूल


२ एप्रिल

आसिल,

आता सरळ विचारते. आडून विचारण्यात माझी झोप चालली आहे.

बाकूला खोली नाही, त्बिलिसीला नाही, आणि तुझ्या गावात खोली. नुसती नाही, तीन रात्री. इतर ठिकाणी म्हणे लोकांच्या घरी उतरेन. तिथं मात्र त्याला स्वतःचं दार पाहिजे, आतून कडी लागणारं. जिथं आपलं म्हणावं असं एकच माणूस राहतं, त्या गावात हा भाड्याची खोली घेणार, आणि त्या माणसाचं नावही माझ्यापुढे काढणार नाही. हिशोब करताना नाही, नकाशा बघताना नाही, एकदाही नाही. माणूस ज्याचं नाव टाळतो तेच त्याच्या जिभेवर असतं.

जेज्दे आणि मेहुणीची थट्टा आपल्यात चालते, मला शिकवू नकोस. अपा म्हणायची, थट्टा करत नाही तो जेज्दे कसला. मीही हसायचे. तू त्याच्या चहात मीठ घालायचीस, तो तुला 'माझी राखीव बायको' म्हणायचा, आणि सगळं घर भरून हशा व्हायचा. ते थट्टेचंच होतं, असं मी तेवीस वर्षं धरून चालले. आता एकेक प्रसंग उलटा करून बघते आहे, कोटाचं अस्तर बघावं तसा. हे चांगलं लक्षण नाही. माझ्या वर्गातल्या मुलीनं असं केलं असतं, तर मी तिला बाहेर बसवलं असतं.

अपा गेली तेव्हा तू आली नाहीस. लोकरीच्या नमद्याच्या तंबूत भिंतीकडे तोंड करून मी एकटी बसले होते, रडगाणं म्हणत. आईसाठी लेकींनी म्हणायचं असतं ते. माझ्या शेजारी तुझ्यासाठी एक उशी टाकलेली होती. लोक आत यायचे, आधी उशीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला, "एजे, भेटल्यावर सांगेन." थोरल्या बहिणीला एवढंच. भेट झाली नाही. तू का आली नाहीस, ह्याची मी आजवर कितीतरी कारणं रचली. ह्या आठवड्यात एक नवं सुचलं, ते लिहिणार नाही. ते लिहिलं तर खरं वाटायला लागेल.

त्याच्या फोनमध्ये एक परदेशी नंबर होता, एकाच दिवशी चारदा लावलेला. फोन मी घेतला नव्हता. तो टेबलावर होता आणि टेबल पुसायचं होतं. तो अंगणात लाकडं फोडत होता. मी नंबर लावला.

बाईचा आवाज. "बोला!"

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"फोन तुम्ही केलात आणि मी कोण?"

"शार्शेनला ओळखता का?"

"बाई, इथं रोज पन्नास शार्शेन फोन करतात. बोट कधी सुटणार ते मला ठाऊक नाही. कप्तानालाही ठाऊक नाही. मालाचे डबे भरले की सुटते. दोन दिवस लागतील, नाहीतर आठ. अंथरूण घेऊन या." आणि ठेवला.

आक्ताऊचं बंदर. मी फोन होता तिथं ठेवला आणि टेबल खरंच पुसलं. सुटले असं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं: हा एवढी तयारी करतो आहे म्हणजे खरंच जाणार आहे.

तुझं उत्तर येऊ दे. खोटं असलं तरी येऊ दे. खोटं मला ओळखता येतं.

बुरूल


१२ मे

आसिल,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. शाळेतून येताना टपालातच उघडलं, उभ्यानं.

'एजे, साधी खोली हजार सोमांच्या आसपास मिळेल. जेज्देचा फोन सात वर्षांत एकदाही नाही. खोली कशाला?'

तीन वाक्यं. तू शाळेत असताना निबंधही असेच लिहायचीस.

पहिल्या वाक्याचं बघू. हजार. त्यानंही हजारच धरले होते, फेब्रुवारीत, तुझं पत्र यायच्या कितीतरी आधी. त्याला हा आकडा कुणी सांगितला? दुसरं वाक्य. 'एकदाही नाही.' नुसतं 'नाही' पुरलं नसतं का? जास्तीचा शब्द माणूस कधी घालतो ते मी रोज वर्गात बघते. आणि तिसरं. 'खोली कशाला?' म्हणजे खोलीची गरज नाही, असंच ना? तो आला तर कुठं राहणार, हे तुझ्या मनात आधीच ठरलेलं आहे, असंच ना?

हे सगळं लिहून झाल्यावर मी उठले, भांडी घासली आणि परत येऊन वाचलं. तीन वाक्यांना मी तीनदा फाशी दिली. तू 'हो' लिहिलं असतंस तरी फाशी, 'नाही' लिहिलंस तरी फाशी. अशा परीक्षकापुढे कोण पास होईल? हे मला दिसतं. दिसून थांबत मात्र नाही.

तुझं अक्षर बारीक झालं आहे. पूर्वी ओळीबाहेर जायचं. चष्मा लागला का? इतक्या वर्षांत मी तुझ्या मनात काय काय घातलं, डोळ्यांवर चष्मा घालायचा राहिला.

शार्शेनला तुझ्या पत्राचं सांगितलेलं नाही. टपालातल्या बाईलाही बजावलं, घरी पाठवू नका, माझं मी नेईन. तिनं माझ्याकडे जसं बघितलं, त्यावरून ती उल्कानची नातेवाईक असावी.

तो आता संध्याकाळी पिशवी पाठीवर घेऊन नदीपर्यंत चालून येतो, सवय व्हावी म्हणून. पिशवीत विटा घालतो. शेजारचे विचारतात, "काय शार्शेन, घर हलवतोस का?" तो म्हणतो, "हो, थोडं थोडं."

थोडं थोडं. मी खिडकीतून ऐकलं.

बुरूल


९ जून

आसिल,

हे सावकाश वाच. मीही सावकाश लिहिते आहे. एकही वाक्य माझ्या बाजूला झुकू नये म्हणून.

गुरुवारी वरच्या घाटात गारा पडल्या, ओढा फुगला आणि गाडीचा आस गेला. शार्शेन एका पोलिश जोडीला घेऊन चालत घरी आला, तिघंही चिंब. मुलीचं नाव हान्का, तिला रशियन चांगलं येतं. नवरा नुसता हसतो आणि खातो. मी कणकेचे बोरसोक तळले, सफरचंदाचा मुरंबा काढला. शार्शेन खुशीत होता. त्यानं त्यांना त्याचा सगळा रस्ता सांगितला, आगगाडीच्या डब्यापासून. हान्का त्याच रस्त्यानं आली होती, उलटी. मग त्यानं विचारलं, "पोरी, तुम्ही लोक हिशोब कसा करता? सगळ्यात जास्त कशाला जातात?"

"झोपायला," ती म्हणाली.

तो खदखदून हसला. "झोपायला? अगं, झोप तर फुकट असते!"

"नाही काका, खरंच. प्रवास स्वस्त पडतो. राहण्यात सगळे पैसे जातात."

"का पण? संध्याकाळ झाली की दार वाजवायचं."

"कुणाचं?"

"कुणाचंही. जे जवळ असेल ते."

तिनं नवऱ्याला सांगितलं, तो हसला. तिला वाटलं हा थट्टा करतो आहे. मी शार्शेनकडे बघत होते. तो थट्टा करत नव्हता. आसिल, माझ्या हातात चहाची किटली होती, ती मी खाली ठेवली.

"तुमच्या गावी मी आलो," तो म्हणाला, "अंधार पडला, आणि तुमचं दार वाजवलं, तर?"

"तुम्ही आलात तर आनंदानं उघडू! पत्ता देऊन ठेवते."

"मी नव्हे. समजा तू मला ओळखत नाहीस. मी आहे हा असा आहे, पिशवी घेऊन उभा आहे."

हान्का चांगली मुलगी आहे, खोटं बोलता येत नाही तिला. ती जरा वेळ मुरंब्याकडे बघत राहिली. "मग नाही उघडणार," ती म्हणाली. "भीती वाटेल."

"कुणाची?"

तिनं चमचा बशीत ठेवला.

"माझी?" शार्शेननं विचारलं. आणि मग माझ्याकडे वळून, आपल्या भाषेत, "मी भीती वाटण्यासारखा दिसतो का गं?"

"दाढी वाढली की थोडा," मी म्हणाले. तो हसावा म्हणून. तो हसला नाही.

सकाळी ती जोडी गेली. पैसे देत होती, त्यानं घेतले नाहीत, पण नेहमीचं वाक्यही म्हणाला नाही. मग तो अंगणात बसला आणि म्हणाला, "तो कागद आण, मास्तरीणबाई. मुक्कामाचा रकाना भर." हान्कानं सांगितलेले आकडे मी भरले. आठ-आठ खाटांच्या खोलीतली एक खाट धरली, सगळ्यात स्वस्त. आक्ताऊला बोटीची वाट बघण्याचे दिवस धरले. बेरीज साठ हजारांच्या खूप बाहेर गेली.

"राहू दे मग," तो म्हणाला. आत गेला आणि कपाटामागून एक पोतं घेऊन आला. "हे वाटून टाक शेजारी."

पोत्यात आपल्या पांढऱ्या मधाच्या बरण्या होत्या. नमद्याच्या टोप्या होत्या. आणि रुमाल. पाच. एक लाल, दोन हिरवे, एक पिवळा आणि तो निळा. ज्या ज्या घरी उतरेल त्या त्या घरच्या बाईसाठी एकेक. हिवाळाभर गाडीचं भाडं मिळेल तसा एकेक घेत गेला होता. पिशवीत विटा घालून चालायचा ना, ते मधाच्या वजनाची सवय व्हावी म्हणून.

हे त्यानं लपवलं नव्हतं, आसिल. विचारलं असतं तर दाखवलं असतं. मला त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ज्याच्या घरी उतरेन त्याच्यासाठी. त्यापेक्षा सरळ वाक्य मी आयुष्यात ऐकलं नसेल. दारात आलेला वाटसरू देवाचा पाहुणा, हे आपण बोलता येण्याआधी शिकतो. मीही शिकले. पण मी नकाशाही शिकवते, त्यामुळे मला वाटलं सीमेपलीकडे ते चालत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आयुष्यभर त्यानं दार आतून उघडलं होतं, बाहेरून कधी वाजवलं नव्हतं.

आता बातुमी. मला विचारायलाच हवं होतं.

"सगळीकडे दारं उघडतील असं तुला वाटत होतं," मी म्हणाले. "मग बातुमीलाच खोली का धरलीस?"

त्यानं हात पुसले. आधीच कोरडे होते.

"तिथलं दार उघडलंच असतं म्हणून."

मी कागदाची घडी घातली.

"बाकीची माझी समजूत होती," तो म्हणाला. "ते एक मला नक्की ठाऊक होतं. तू तिच्याशी बोलत नाहीस. तुला न विचारता मी तिच्या हातची भाकर खाल्ली असती, तर इथं येऊन तुझ्यासमोर कसा जेवलो असतो?"

"मग मला विचारायचं होतंस."

"तिचं नाव काढलं की तू भांडी घासायला उठतेस."

"मग त्या गावाला जायचंच कशाला?"

"समुद्र आहे ना," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "आणि लांबून घर बघून आलो असतो. विचारलं असतंस तर सांगायला काहीतरी झालं असतं."

"आणि हजाराचा आकडा कुणी सांगितला?"

"एका जर्मन पोरानं. का?"

"काही नाही."

"तुला काय वाटलं होतं?"

"काही नाही," मी परत म्हणाले. हे खोटं मी त्याला सांगितलं, तुला सांगत नाही. मला जे वाटलं होतं ते तुझ्याकडे तीन पत्रांत पडून आहे. फाडून टाक. नको, ठेव. मी बदलले असं मला उद्या वाटायला लागलं, तर ती मला दाखव.

बुरूल


१६ जून

आसिल,

शार्शेन काल पिशवी न घेता नदीपर्यंत गेला. शेजारच्यानं विचारलं, "काय, घर हलवून झालं?" तो म्हणाला, "हो, होतं तिथंच आहे." आत आला आणि गाडीखाली जाऊन पडला. आस कधीच बसवून झाला आहे. खाली करण्यासारखं काही उरलेलं नाही.

म्हणून मी आज त्याला न सांगता कागद नवा आखला. भेटवस्तू घेऊन झाल्या आहेत, त्या पैशांचं आता काही करता येत नाही. पण येतानाचं विमान काढून आगगाडी आणि बोटच घातली. त्बिलिसीची एक रात्र कमी केली, बाकूची एक. अडीअडचणीत माझ्या सुट्टीतल्या शिकवण्यांचे पैसे टाकले. बेरीज साठ हजारांवर पोचते आणि तीन हजारांनी वर जाते. किती वेळा केली तरी तीन हजारांनीच वर जाते. बातुमीच्या तीन रात्री.

तू विचारलं होतंस, खोली कशाला. मी त्या प्रश्नावर एक अख्खं पत्र वाकडं लिहिलं. आज तो प्रश्न मला पडला आहे, तुझ्याच शब्दांत.

बातुमीच्या पुढचा आकडा मी खोडला आहे, पण शून्य लिहिलेलं नाही. ते माझं नाही. तू कळव, मग लिहीन. अपाच्या वेळी तू का आली नाहीस ते ह्या बदल्यात सांगावं लागणार नाही. विचारणारच नाही असं म्हणत नाही, मी स्वतःला ओळखते. पण पत्रातून नाही विचारणार. समोर बसून विचारीन, कधीतरी, तुझ्या हातात वाटी असताना.

आणि त्याचा फोन तुला खरंच आला नव्हता ना? नको, सांगू नकोस. हा प्रश्न आता सवयीनं येतो, खोकल्यासारखा.

चार रुमाल त्याला वाटेत कुणाला द्यायचे त्याला देऊ देत. खाटेचे पैसे घेणाऱ्या बायकांनाही देईल तो, थांबायचा नाही. निळा मी मधाच्या बरणीला गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवणार आहे, वर नाव लिहून.

होकार आला तर ऑक्टोबरात कुठल्याशा संध्याकाळी तो तुझं दार वाजवेल. बोटीचा भरवसा नाही, तेव्हा दिवस सांगता येत नाही. एवढंच कर: आतून 'कोण आहे?' असं विचारू नकोस. सरळ उघड.

बुरूल एजे